३७ वर्षांचा स्पेक्ट्रम प्लस, इचलकरंजीत अजून कामावर: तीन आठवडे वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, हा गेमवाला रिव्ह्यू नाहीये. स्पेक्ट्रमवर लहानपणी काय काय खेळलो याचे गहिवर दुसरीकडे भरपूर मिळतील. हा कामाचा रिव्ह्यू आहे, कारण माझ्या मामाच्या इचलकरंजीतल्या मागाच्या कारखान्यात, पत्र्याच्या पार्टिशनमागं जी आठ बाय आठची खोली आहे आणि जिला सगळे ऑफिस म्हणतात, तिथं एक स्पेक्ट्रम प्लस १९८८ पासून रोज सकाळी चालू होतो आणि कापडाचं कॉस्टिंग काढतो. म्युझियम नाही, शोपीस नाही, त्याच्यावर कापसाची फुलकी बसलेली असते आणि शेजारी तंबाखूची पुडी.

तर झालं असं की मामाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सांगितलं काही दिवस धूळ नको, आणि मागाच्या खात्यात धूळ नाही तर दुसरं काय असणार. माझं वर्क फ्रॉम होम, म्हणून मामीचा फोन आला की तीन आठवडे येऊन बस. म्हटलं चला, दिवसा लॅपटॉपवर माझं काम आणि मधेमधे मामाचं ऑफिस. मी बारा वर्षं आयटीत आहे, एवढंसं मशीन काय मला जड जाणार, असं वाटलं होतं. पहिल्याच दिवशी रन, म्हणजे प्रोग्राम चालू करायची कमांड, टाइप करायला पाच मिनिटं लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पेक्ट्रम हा ब्रिटनमधल्या सिंक्लेअरचा होम कॉम्प्युटर, एप्रिल १९८२ ला आला, तो रबरी बटणांचा. त्याचाच टणक कीबोर्डवाला भाऊ म्हणजे स्पेक्ट्रम प्लस, ऑक्टोबर १९८४ चा. आपल्याकडं डेसिबेल्स नावाच्या कंपनीनं तो डीबी स्पेक्ट्रम प्लस म्हणून विकला आणि मामाकडं तोच आहे, पुण्याहून एसटीनं मांडीवर ठेवून आणलेला. किती दिले ते मामी समोर असली की मामा आजही सांगत नाही. आत झेड-८० प्रोसेसर, साडेतीन मेगाहर्ट्झ, ४८ केबी रॅम, त्यातली साधारण ४१ केबी बेसिकला, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या भाषेला, मोकळी. स्क्रीनवर एका ओळीत ३२ अक्षरं. म्हणजे व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा एक फोटो सुद्धा याच्या रॅममध्ये मावणार नाही.

आता तो करतो काय ते सांगतो, नाहीतर बाकीचं समजणार नाही. व्यापारी फोन करतो, रीड ७२, पीक ६८, पन्हा ५०, चाळीस बाय चाळीस, सूत किती लागेल आणि मीटरला काय पडेल. म्हणजे इंचाला उभे तार ७२, आडवे ६८, कापडाची रुंदी ५० इंच, आणि उभं-आडवं दोन्ही सूत ४० काउंटचं, काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा. मामाच्या प्रोग्रामला हे आकडे एकामागोमाग द्यायचे. हिशोब तसा सरळ आहे, एक काउंटचं सूत म्हणजे किलोत १६९३ मीटर, तर रीड गुणिले पन्हा म्हणजे ३६०० तार, १०० मीटर कापडासाठी त्याला १०० नं गुणून (१६९३ गुणिले ४०) नं भागलं की ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, ५.३२ किलो आणि तसंच पीकवरून बाण्याला, म्हणजे आडव्याला, ५.०२ किलो. त्यावर आकसण्याचे आणि वेस्टेजचे टक्के, सुताचा आजचा भाव, सायझिंग म्हणजे ताण्याला खळ लावायचा खर्च, पीकला किती पैसे मजुरी ते, आणि शेवटी मीटरचा भाव. मामा फोन खांद्यात दाबून धरतो, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत याचा एंटर दाबलेला असतो. मी हेच फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, आठ वेळा आकडे टाकायला लागतात आणि एकदा चुकलं की पहिल्यापासून.

आणि सूत्र बदलत नाही हो, हाच मुद्दा आहे. माग बदलले, साधे होते ते जाऊन आता अर्धे एअरजेट, म्हणजे हवेच्या झोतावर चालणारे, आलेत आसपास, सुताचा भाव दिवसात दोनदा हलतो, पण १६९३ काही हलत नाही. १९८८ मध्ये लिहिलेला प्रोग्राम, त्यात ३७ वर्षांत मोठा बदल एकच, २०१७ ला कापडावर जीएसटी आला तेव्हा मामानं पाच टक्क्यांची एक ओळ शेवटी वाढवली. एक ओळ. त्या वर्षी आमच्या कंपनीत जीएसटीसाठी पन्नास माणसं चार महिने रात्री जागत होती.

कीबोर्डबद्दल मात्र मी चांगलं बोलणार नाही. स्पेक्ट्रमवर अक्षरं टाइप करून कमांड होत नाही, एकेका बटणावर आख्खा शब्द असतो, आर दाबलं की रन, पी दाबलं की प्रिंट, जे दाबलं की लोड. मी आर दाबून यू दाबायला गेलो तर रनच्या पुढं यू बसला, मग खोडायला डिलीट, परत, परत. एकेका बटणाला चार-पाच अर्थ, कुठल्या शिफ्टबरोबर दाबलं त्यावर. मामाची बोटं न बघता जातात. माझी नाही गेली तिसऱ्या आठवड्यापर्यंत. शिवाय प्लसचा कीबोर्ड दिसायला दणकट असला तरी आत प्लास्टिकची पातळ मेम्ब्रेन असते आणि तिच्या पट्ट्या वयानं कडक होऊन तडकतात, उघडताना जरा वाकल्या की गेल्याच. मामाची दोन वर्षांपूर्वी गेली. चांगली गोष्ट ही की नवीन मेम्ब्रेन आजही बनतात, इंग्लंडहून मागवली, शिपिंग आणि कस्टम धरून साडेतीन हजाराच्या आसपास गेले. ३७ वर्षांच्या मशीनचा नवा पार्ट मिळतो आणि माझ्या चार वर्षांच्या फोनची बॅटरी मिळत नाही, यावर मामा आता लेक्चर देतो, ते ऐकून घ्यावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचा सल्ला, बाकी काही वाचू नका पण हे वाचा. याचा अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा असतो, पण पिनच्या मधे मायनस आणि बाहेर प्लस. आजकालचे राउटरचे वगैरे बहुतेक उलटे असतात. मी तिथं असतानाच जुन्या अ‍ॅडॉप्टरची वायर तुटली, मी गावातल्या एका दुकानातून दुसरा आणला, दुकानदार म्हणाला नऊ व्होल्ट म्हणजे नऊ व्होल्ट, सगळे सारखेच. पिन पण बरोब्बर बसत होती. मी लावणार एवढ्यात मामा डोळ्याला हिरवा पट्टा लावलेला, तसाच उठून आला, म्हणे थांब, आधी मीटर लाव. मल्टिमीटरचं लाल टोक पिनच्या बाहेर आणि काळं मधे लावलं तर आकड्यापुढं वजाची खूण. सरळ असायला हवा होता तिथं उलटा. लावला असता तर आतलं सप्लायचं सर्किट गेलं असतं आणि याच्या आतल्या जुन्या मेमरी चिपांना पाच, बारा आणि वजा पाच असे तीन व्होल्टेज लागतात, त्यातलं एक बिघडलं की चिपा पण सोबत जातात. मामा काही बोलला नाही, वायर कापली, उलटी जोडली, टेप मारली. मला म्हणाला, "इंजिनेर हाईस न्हवं तू?"

लाइटचं म्हणाल तर, लाइट गेली की प्रोग्राम गेला, रॅममध्येच असतो सगळा. प्रोग्राम साध्या टेपच्या कॅसेटवर ठेवलेला, पूर्वी मामा दिवसातून चारदा ती कॅसेट लावायचा. आता इन्व्हर्टर आहे त्यामुळं सकाळी एकदा लोड केला की संध्याकाळपर्यंत चालू. दिवसभर चालू राहून उजव्या बाजूला चांगला गरम होतो, तिथं आत व्होल्टेज रेग्युलेटरचा पत्रा आहे. मार्केटमध्ये गरम न होणारा बदली रेग्युलेटर मिळतो, मी सुचवलं, मामा म्हणाला थंडीत हात शेकायला बरा पडतो.

लोडिंग. कॅसेट हा शब्द ऐकून हसाल, पण प्रोग्राम अडीच केबीचा आहे, पंचवीस सेकंदांत लोड होतो. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला लॉगिन व्हायला याच्या चौपट वेळ लागतो, घड्याळ लावून बघितलंय. आधी टीव्हीच्या कडेला लाल-आकाशी जाड पट्टे आणि एकसुरी शिट्टी, मग निळे-पिवळे बारीक पट्टे आणि तो किर्र आवाज. मामा खोलीबाहेर मागांच्या खडखडाटात उभं राहून सुद्धा त्या आवाजावरून सांगतो की लोड नीट होतोय का नाही. मला तर मशीनसमोर बसून पण कळत नव्हतं, शेवटी टेप लोडिंग एरर आली की कळायचं.

एरर आली की काय करायचं त्याची क्रमवारी मामानं सांगितली ती अशी. आधी आवाज थोडा वाढव. मग प्लेअरमधलं टेप वाचणारं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पूस. मग हेडशेजारचा बारका स्क्रू, तो पाव आटा इकडं-तिकडं, आवाज जिथं सगळ्यात तीक्ष्ण येईल तिथं सोड. तरीही नाही झालं तर प्लेअरचा बेल्ट ढिला झालाय, आणि बेल्ट आता सहजासहजी मिळत नाही. हा खरा कच्चा दुवा आहे. कॉम्प्युटर नाही, त्याच्या अवतीभवतीचं सगळं. टीव्ही, टेप, अ‍ॅडॉप्टर. १४ इंची टीव्ही पाच वर्षांपूर्वी मेला, तेव्हा कोल्हापूरच्या एका मेकॅनिकनं स्पेक्ट्रमच्या आतलं अँटेनावालं आउटपुट काढून सरळ व्हिडिओ सिग्नल बाहेर आणून दिला, तो कुठल्याही एव्ही इनपुट असलेल्या टीव्हीला लागतो. तासाभराचं काम, चित्र आधीपेक्षा स्वच्छ. हे ज्यांच्याकडं जुना स्पेक्ट्रम पडून आहे त्यांनी पहिल्यांदा करून घ्या.

कॅसेटवर माझा उपाय मी केला. जुनी कॅसेट लॅपटॉपवर रेकॉर्ड केली, आता फोनच्या हेडफोनच्या भोकातून (ज्यांच्या फोनला अजून भोक आहे त्यांनी देवाचे आभार माना) वायर स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटला, व्हॉल्यूम फुल्ल, प्ले. दहापैकी दहा वेळा लोड. फक्त मधे कुणाचा फोन आला की संपलं, म्हणून फ्लाइट मोड. आणि जाताना मामाला एक एसडी कार्डवालं इंटरफेस पण देऊन आलो, ते मागच्या पट्टीला लावायचं, मशीन बंद असतानाच, चालू असताना लावलं तर मशीनची वाट. त्यातून प्रोग्राम डोळ्याची पापणी लवायच्या आत येतो. मामानं दोनदा बघितलं आणि कॅसेटच लावली. म्हणाला कॅसेट फिरताना दिसते, ह्यात काय दिसतंय? मी वाद घातला नाही. पण कार्ड काढून पण नाही ठेवलंय त्यानं, हे पण सांगतो.

तुम्ही म्हणाल एक्सेल शीट करून दे की बाबा. दिली होती, २०१९ ला, लॅपटॉपसकट. रंगीत, ड्रॉपडाऊन, सगळं. दोन आठवडे वापरली. मग एका सकाळी व्यापारी दारात उभा, बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) सायझिंगला जायचं होतं, आणि लॅपटॉप अपडेट घेत बसला, कृपया बंद करू नका, तेवीस टक्के, तेवीस टक्के, तेवीस टक्के. मामानं त्याच्यावर पांढरा टॉवेल टाकला आणि याचं बटण चालू केलं. म्हणजे बटण पण नाही याला, पिन खोचायची, स्क्रीन काळी होऊन दोन सेकंदांत खाली सिंक्लेअरची १९८२ ची ओळ. लॅपटॉप आता मामीकडं, कीर्तनं बघायला.

हे फक्त आमच्या मामाचं खूळ नाही बरं का. पोलंडमध्ये ग्दान्स्कला एका गॅरेजमध्ये गाड्यांचे ड्राइव्हशाफ्ट बॅलन्स करायला कमोडोर ६४, म्हणजे स्पेक्ट्रमच्याच काळातला दुसरा होम कॉम्प्युटर, वापरतायत अशी बातमी २०१६ ला सगळीकडं फिरली होती, पंचवीस वर्षांवर झाली होती त्याला. अमेरिकेत मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सच्या १९ शाळांचं हीटिंग आणि एसी ऐंशीच्या दशकातला एक अमिगा कॉम्प्युटर सांभाळत होता, त्याचा प्रोग्राम तिथल्याच एका शाळकरी मुलानं लिहिलेला. काही बिघडलं की त्यालाच बोलवायचे म्हणे, मोठा झाल्यावर पण. ते वाचून मला मामाच आठवला, कारण आमच्याकडं पण तोच प्रॉब्लेम आहे. प्रोग्राम कुठंही लिहून ठेवलेला नाही. मामाच्या डोक्यात आणि त्या कॅसेटवर. मी तीन आठवड्यांत पहिल्यांदा पूर्ण लिस्ट काढून वहीत उतरवला तर ओळ नंबर ४७० ला एक १.०७ नं गुणलंय, कशासाठी ते मामाला पण आठवेना. बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, ती एक पार्टी होती, कायम सूत कमी द्यायची, तिच्यासाठी. पार्टी कधीच बंद पडली, पण त्या ओळीतून प्रत्येक कॉस्टिंग जात नाही, ठरावीक क्वालिटीच्या कापडाचंच जातं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. काढली ती ओळ. तुमच्या घरी असं काही चालू असेल तर आजच वहीत उतरवून घ्या, माणूस आहे तोवर.

अजून तोटे सांगतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की मामाचं मशीन म्हणून गोड लिहिलंय. प्रिंट निघत नाही, मामा आकडा बघून चिठ्ठीवर पेननं लिहितो. पैसे दोन दशांशात दाखवायची सोय नाही, १०० नं गुणा, अर्धा मिळवा, पूर्णांक घ्या, परत १०० नं भागा, आणि तरी ४२.५० ला ४२.५ च दाखवतो, नवीन व्यापाऱ्याला ते विचित्र वाटतं. एका वेळी एकच हिशोब, मागचा बघायचा म्हटलं तर गेला तो. आणि टीव्ही दिवसभर चालू, त्याचं लाइट बिल धरलं तर हा फुकट चालतो असं म्हणणं पण बरोबर नाही.

विकत घ्यावा का? जुना मिळाला आणि तुम्हाला सोल्डरिंग येत असेल, किंवा येणारा मित्र असेल, तर घ्या, नाहीतर नका. नुसती हौस असेल तर २०२४ च्या शेवटी आलेला नवीन रबरी बटणांचा स्पेक्ट्रम आहे, दिसायला हुबेहूब, एचडीएमआय, पण आत एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, खेळायला छान, मामाच्या टेबलावर उपयोगाचा नाही. स्पेक्ट्रम नेक्स्ट म्हणून अजून एक आहे, लोकांनी किकस्टार्टरवर पैसे घालून बनवून घेतलेला, तो भारी आहे पण किंमत पण भारी आणि मिळणं नशिबात. पोराला कोडिंग शिकवायला मात्र मी म्हणेन जुना काय नवा काय, कुठलाही चालेल, कारण चालू केला की समोर नुसतं कर्सर, रील्स नाहीत, काही नाही. माझ्या मामेभावाची पोरगी सातवीत आहे, तिनं दोन संध्याकाळी पाढे छापणारा प्रोग्राम केला आणि मग तिला कंटाळा आला, तो पण खरा कंटाळा होता, यूट्यूब लावून घालवता न येणारा.

स्टार द्यायचे तर कामाला साडेचार, कीबोर्डला दीड, विश्वासाला चार, एक कापला तो टेपचा.

निघायच्या आदल्या दिवशी मामा म्हणाला एक काम करून जा, ह्यात रुपया घालून दे. स्पेक्ट्रमवर पौंडाची खूण आहे, आपली रुपयाची २०१० ला आली, कुठून असणार. पण यात २१ अक्षरं स्वतःची बनवता येतात, आठ बाय आठ ठिपक्यांची, एकेक ओळ शून्य-एकमध्ये लिहायची. चौकटीच्या वहीत मामीनं काढून दिली, आठ ओळी मी टाइप केल्या, चुकतमाकत अर्धा तास, आणि आकड्यापुढं रुपया उमटला. मामाचा पट्टा त्याच दिवशी निघाला होता. खुर्ची पुढं ओढून एक डोळा बारीक करून बघितलं बराच वेळ.

"वरची रेघ एक ठिपका आखूड झालीय बघ," म्हणाला.

झाली होती. परत टाइप केली.